सुरमईचं हृदय, लेकीची वही आणि दुसऱ्यांदा नीट

वरळी कोळीवाड्यातून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात सांगते. मुलगी यंदा बारावी झाली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग सायन्स. मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली, पण सरकारी एमबीबीएसला पुरतील एवढे मार्क आले नाहीत. घरचे म्हणतात, एक वर्ष थांब आणि परत बस. मुलगी बसायला तयार आहे, पण तिचं मन दुसरीकडे आहे. पहाटे ससून डॉकवरून माल आला की ती आईबरोबर बाजारात बसते. गिऱ्हाइकाची सुरमई कापताना घाणीतून हृदय वेगळं काढून ठेवते आणि दुपारी वहीत त्याचं चित्र काढते. "परवा मला विचारते, माशाला हृदयाचे कप्पे दोन आणि आपल्याला चार, मग मासा आपल्यापेक्षा कमी आहे का? कुपा (ट्यूना) आतून एवढा लाल का असतो? चिंबोरीचं (खेकड्याचं) रक्त लाल का नाही? मला काही सांगता येईना. ताई, या वेडातून पुढे काही होईल का, की हे सगळं बाजूला ठेवून तिने फक्त नीटचा अभ्यास करावा?"

ताई, तुमचं पत्र वाचून मी आधी कागद घेतला आणि तुमच्या लेकीच्या तीनही प्रश्नांची उत्तरं लिहून काढली. करिअरचं नंतर बोलू. ती उत्तरं तुम्हीही वाचा. मुलगी नेमकं कशात गुंतली आहे हे कळल्याशिवाय तिचं वर्ष कुठे घालवायचं ते तुम्हाला ठरवता येणार नाही.

पहिला प्रश्न कप्प्यांचा. सुरमईचं हृदय कुठे असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे: गळ्याशी, कल्ल्यांच्या लगेच मागे. कोयता जिथून डोकं वेगळं करतो, तिथेच. गडद लाल, तिकोनी गोळा, आणि त्याला चिकटलेली छोटी पांढरट गाठ. लाल गोळा म्हणजे निलय, रक्त ढकलणारा कप्पा. पांढरट गाठ रबरासारखी फुगते आणि हळूहळू आकसते, म्हणजे कल्ल्यांत रक्त धक्क्याने न जाता सावकाश जातं. निलयाच्या पाठीमागे पातळ, काळपट पिशवी दिसेल, तो अलिंद, रक्त आत घेणारा कप्पा. कप्पे म्हणतात ते हेच दोन. माशाच्या हृदयात येणारं सगळं रक्त शरीरभर फिरून आलेलं, प्राणवायू संपत आलेलं असतं. हृदय ते कल्ल्यांत पाठवतं, तिथे प्राणवायू भरला जातो, आणि रक्त परत हृदयात न येता तिथूनच परस्पर शरीराकडे जातं. एकच फेरी. पण कल्ल्यांतल्या केसाहून बारीक नळ्यांतून जाताना रक्ताचा जोर बराच ओसरतो आणि पुढचा सगळा प्रवास उरलेल्या जोरावर करावा लागतो.

आपल्याकडे फेऱ्या दोन. उजवी बाजू रक्त फुप्फुसांत पाठवते, ते परत हृदयात येतं, आणि मग डावी बाजू त्याला नव्याने जोर देऊन शरीरभर ढकलते. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून १२० बाय ८० म्हणतात तो डाव्या बाजूचा दाब. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब साधारण २५ बाय ८ असतो. तो एवढा कमी का? फुप्फुसातल्या केशवाहिन्यांची भिंत इतकी पातळ असते की तिथे १२० चा दाब आला तर रक्तातलं पाणी पाझरून फुप्फुसात भरेल. म्हणून एकाच गोळ्यात दोन पंप, मध्ये पक्की भिंत.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मटणवाल्याकडून बकऱ्याचं दिल आणा आणि काकडीसारखं आडवं कापा. डावीकडचा कप्पा गोल, जाड भिंतीचा. उजवा पातळ, त्याच्या अंगाला चंद्रकोरीसारखा चिकटलेला. कुठे किती दाब लागतो हे ती भिंतच सांगते. तुमच्या लेकीला हे एकदा दाखवा, पुस्तकातली चार पानं तिला परत वाचावी लागणार नाहीत.

मग मासा कमी आहे का? नाही. गरजच वेगळी आहे. आपण, कोंबडी, बकरा आणि समुद्रातला डॉल्फिन, असे सगळे उष्ण रक्ताचे प्राणी अंग एकाच तापमानाला ठेवतात, आणि त्यासाठी आत सतत चूल पेटती ठेवावी लागते. तेवढ्याच वजनाच्या सरड्याशी तुलना केली तर नुसतं पडून राहायलासुद्धा सस्तन प्राण्याला ढोबळमानाने पाच ते दहा पट इंधन लागतं. इंधन म्हणजे आतड्यातून शोषून रक्तात आलेली साखर, अमिनो आम्लं, चरबी. ते जाळायला प्राणवायू. दोन्ही पेशीपर्यंत पोचवायचं काम रक्ताचं, म्हणून पंप जोरदार हवा. माशाला तेवढी चूल पेटवायचीच नसते. पाणी त्याला उचलून धरतं आणि बहुतेक माशांचं अंग पाण्याच्याच तापमानाचं असतं.

'थंड रक्ताचा' हा शब्द मात्र फसवा आहे, तिला सांगा. आपल्या समुद्राचं पाणी २८ अंश असेल तर बांगड्याचं रक्तही साधारण तेवढंच. गच्चीवर उन्हात पडलेल्या सरड्याचं रक्त आपल्याइतकं गरम असू शकतं. फरक एवढाच की ती ऊब त्याला उन्हाकडून घ्यावी लागते. जानेवारीत पहाटे ट्यूबलाइटजवळची पाल सुस्त दिसते ती याचमुळे. अंग दहा अंशांनी गार झालं की आतली रासायनिक कामं निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतात आणि हृदयाचे ठोकेही त्याच हिशोबात कमी होतात.

आणि माशाला कमी म्हणण्याआधी त्याचे कल्ले बघावेत. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. आपल्याकडच्या कोमट समुद्राच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ५. एवढ्या गरीब पाण्यातून मासा जगतो तो कल्ल्यांतल्या युक्तीवर. पाणी एका दिशेने वाहतं आणि रक्त बरोबर उलट दिशेने. त्यामुळे रक्त पुढे सरकेल तिथे त्याला आपल्याहून जास्त प्राणवायू असलेलं पाणीच भेटत राहतं. काही मासे पाण्यातला ऐंशी टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेतात. आपलं फुप्फुस एका श्वासातला साधारण चौथा हिस्साच घेतं. गिऱ्हाईक कल्ले लाल आहेत का बघून मासा घेतं, तेव्हा ते हेच रक्ताने भरलेलं यंत्र बघत असतं.

कुप्याचं उत्तर याच युक्तीत आहे. ट्यूनाच्या जातीचे मासे थांबत नाहीत, सतत पोहतात. त्यांच्या लाल मांसात प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन भरपूर असतं, रंग त्याचाच. आणि त्या मांसाकडे जाणाऱ्या बारीक रोहिण्या नि तिकडून परतणाऱ्या शिरा जाळ्यासारख्या अगदी शेजारी शेजारी, उलट्या दिशांनी धावतात. स्नायूंत तापलेलं रक्त परतताना आपली ऊब येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. कल्ल्यापर्यंत जाऊन ती ऊब समुद्रात वाया जात नाही. त्यामुळे कुप्याचं लाल मांस पाण्यापेक्षा गरम राहतं. म्हणजे थंड रक्ताच्या यादीतला मासा अर्धा उष्ण रक्ताचा निघाला. २०१५ मध्ये तर ओपा नावाच्या खोल समुद्रातल्या माशाचं हृदयसुद्धा भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम राहतं असं सिद्ध झालं. पुस्तकात दोन रकाने असतात, समुद्रात नसतात. तुमच्या मुलीला हे कोयत्याच्या टोकाशी दिसलं आणि तिने विचारलं.

आता मुंबईतलीच एक गोष्ट सांगते. ती मला फार मोलाची वाटते. परळच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. प्रफुल्लकुमार सेन नावाचे सर्जन होते. भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण त्यांनी तिथे फेब्रुवारी १९६८ मध्ये केलं. पण त्याच्याही आधी ते सापाच्या हृदयाकडे वळले होते. आपल्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवतात त्या बाहेरून आलेल्या रोहिण्या. त्या तुंबल्या की हार्ट अटॅक. सापाच्या हृदयाचा स्नायू मात्र स्पंजासारखा असतो, कप्प्यातलं रक्त थेट त्याच्या फटींत शिरतं. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की माणसाच्या तुंबलेल्या हृदयालाही आतून अशा वाटा करून दिल्या तर? त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, हृदयाच्या भिंतीत सुईने बारीक छिद्रं पाडली, आणि १९६५ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. पुढे जगात याच कल्पनेवर लेझरने छिद्रं पाडायचे उपचार आले. ती छिद्रं बरीचशी बुजतात असंही नंतर दिसलं, त्यामुळे हा उपचार सर्रास झाला नाही. पण विचार कुठून आला ते बघा. परळच्या वॉर्डातल्या माणसाचं उत्तर एका सर्जनने सापाच्या छातीत शोधलं.

हे नवंही नाही. रक्त गोल फिरतं हे १६२८ मध्ये विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने मांडलं, तेव्हा त्याने बेडूक, साप, छोटे मासे, खेकडे, कोळंबी यांची हृदयं मुद्दाम पाहिली होती, कारण थंड रक्ताच्या प्राण्यांत ठोके सावकाश पडतात आणि डोळ्यांना पकडता येतात. कॉलेजात आमच्यासमोर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात काढून ठेवलं होतं. देहाबाहेर, बशीत, ते चालूच होतं. आकसलं की फिकं पडायचं, सैल झालं की लाल व्हायचं. वर्गात कुणी बोलत नव्हतं. मी त्या दिवशी प्राणिशास्त्र घ्यायचं ठरवलं, आणि पुढे कितीतरी वर्षं "मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून झुऑलॉजी" हे वाक्य ऐकून घेतलं. तुमच्या मुलीच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून इतकं लांबण लावलं.

आता वाटा. तिला आजारी जीव समोर हवा आहे, त्याला बरं करायचं आहे, तर पहिली वाट परळलाच आहे: मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८८६ पासून चालू असलेलं. बी.व्ही.एस्सी. साडेपाच वर्षांचं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीटच्याच मार्कांवर, आणि सरकारी एमबीबीएसपेक्षा सहसा कमी मार्कांत. या वर्षीचे तिचे मार्क तिथे चालतात का हे सगळ्यात आधी बघा, कदाचित दुसऱ्यांदा बसायची गरजच नसेल. माणसाचा डॉक्टर एका हृदयाचा अभ्यास करतो. पशुवैद्याला गाय, कुत्रा, पोपट, कासव, संजय गांधी उद्यानातला बिबट्या, सगळ्यांचं रक्ताभिसरण माहीत असावं लागतं. एक लिटर दूध तयार व्हायला गाईच्या कासेतून चारशे ते पाचशे लिटर रक्त फिरतं. म्हशीच्या गोठ्यावर उभं राहून हा हिशोब करणं हीसुद्धा डॉक्टरकीच आहे.

माशांतच राहायचं असेल तर बी.एफ.एस्सी. ही मत्स्यविज्ञानाची पदवी, चार वर्षं. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, नागपूर आणि उदगीरलाही आहे. पुढे एम.एफ.एस्सी.साठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. पदवी तिथे मिळत नाही, पदव्युत्तर आणि पीएच.डी. मिळते. देशभरातली मुलं प्रवेश परीक्षा देऊन तिथे येतात आणि तुमच्या मुलीला ती बसच्या अंतरावर आहे. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, नेमकं तेव्हाच माशाचं अंग तापून त्याची गरज वाढते, आणि तळ्यातली कोळंबी, मासे एका रात्रीत मरतात. हे थांबवायला ज्याला शरीरक्रिया कळते असा माणूस लागतो. शेततळी, हॅचरी, खाद्य कंपन्या, राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग, बँका, नोकऱ्या इथे आहेत. माझं मत विचाराल तर तुमच्या घरासाठी ही वाट सगळ्यात जास्त विचार करण्यासारखी आहे. बोट आणि बाजार कळणारी पदवीधर मुलगी या क्षेत्रात मला फार कमी भेटली आहे.

तिसरी वाट संशोधनाची, आणि तिथे मी गोड बोलणार नाही. नुसत्या बी.एस्सी. झुऑलॉजीवर चांगली नोकरी अवघड आहे. एम.एस्सी., मग नेट किंवा गेट परीक्षा, मग पीएच.डी., म्हणजे आठ-दहा वर्षं. पण चांगल्या जागी शिरली तर शिकता शिकता शिष्यवृत्ती मिळते. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेतून पुण्याला जाता येतं. नेस्ट परीक्षेतून कलिना कॅम्पसमधल्या अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठाच्या केंद्रात पाच वर्षांचं एकत्रित एम.एस्सी. करता येतं, घरी राहून. झेब्राफिश नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या माशाच्या निलयाचा पाचवा भाग कापला तरी दोन महिन्यांत तो परत भरून येतो, हे २००२ मध्ये दिसलं. माणसाचं हृदय अटॅकनंतर असं भरत नाही, तिथे व्रण राहतो. मासा हे कसं करतो, हा आज जगभरातल्या प्रयोगशाळांचा प्रश्न आहे. कुलाब्याच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झेब्राफिश पाळून संशोधन चालतं. दोन कप्प्यांचं हृदय कमी आहे का, याचं उत्तर तिथे मिळतं.

चौथी वाट लोकांना ठाऊकच नसते: परफ्यूजन टेक्नॉलॉजी. ओपन हार्ट ऑपरेशनमध्ये हृदय थांबवलेलं असतं, तेव्हा रक्ताला प्राणवायू देऊन शरीरभर फिरवणारं यंत्र चालवणारा माणूस म्हणजे परफ्यूजनिस्ट. पॅरामेडिकलमध्ये त्याची पदवी आहे. बॉडी गार करून ऑपरेशन करतात तेव्हा पेशंटचं तापमान किती खाली न्यायचं, त्याला किती प्राणवायू पुरेल, हा हिशोब पालीच्या हिशोबासारखाच आहे.

नीटला परत बसायचं का? एका अटीवर बसावं. पहिल्या वेळी मार्क कुठे गेले ते पेपर घेऊन बघा. नीटच्या ७२० पैकी ३६० मार्क जीवशास्त्राचे आहेत. तिचे तिथे भरपूर आले असतील आणि फिजिक्समध्ये गेले असतील, तर एका वर्षात ते सावरता येतं, विशेषतः दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीचं. पहिलं वर्ष इंग्रजी शब्दांशी झगडण्यातच जातं, हे मी दरवर्षी बघते. पण क्लासची फी भरायला बोट किंवा दागिने गहाण ठेवू नका. आणि नुसती नीट देऊ नका, जोडीला सीईटी, नेस्ट, आयसर यांचे फॉर्म भरा, तारखा भिंतीवर लावा. जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर या महिन्यातच हातात घ्या. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात यासाठी रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

बाजारातलं बसणं बंद करू नका. सकाळचे दोन तास बसू दे. तिची वही मात्र थोडी बदला. चित्राबरोबर माशाचं नाव, वजन, लांबी आणि हृदयाचं वजन लिहायला सांगा. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घ्या. सतत पोहणाऱ्या माशांत निलय तिकोनी आणि दणकट असतो, सुस्त माशांत पिशवीसारखा. बांगडा, कुपा, सुरमई एका बाजूला आणि बोंबील दुसऱ्या बाजूला ठेवून काय दिसतं ते तिने स्वतः ठरवू दे. एका पावसाळ्याआधीच्या मोसमात शंभर हृदयं होतील. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत कुणाला एवढी मिळत नाहीत, आणि मुलाखतीत ही वही टेबलावर ठेवली तर समोरचे प्राध्यापक आधी तीच उघडतील.

चिंबोरीचं राहिलं. तिच्या रक्तात प्राणवायू वाहायला आपल्यासारखं लोहाचं हिमोग्लोबिन नसतं, तांब्याचं हिमोसायनिन असतं. शिवाय ते रक्त शेवटपर्यंत नळ्यांतच वाहत नाही, रोहिण्यांतून निघून अवयवांच्या मधल्या पोकळीत उतरतं. म्हणून चिंबोरी कापल्यावर पाण्यासारखं काहीतरी ओघळतं आणि आपण ते धुऊन टाकतो. म्हाकुळातही (स्क्विड) तांब्याचंच रक्त आहे, पण ते बंद नळ्यांत फिरतं आणि त्याला हृदयं तीन: दोन कल्ल्यांसाठी, एक बाकी शरीरासाठी. उद्या पाटीत ताजी चिंबोरी आली तर पाय मोडताना जे ओघळेल ते पांढऱ्या बशीत धरा आणि जरा वेळ उघडं राहू द्या. हवेतला प्राणवायू लागला की त्यात हलकी निळी झाक येते. ती तिला दिसली का, आणि किती वेळात आली, हे तिलाच लिहून पाठवायला सांगा. तिच्या नीटच्या विषयवार मार्कांचा फोटोही त्याच पाकिटात घाला.